हौसाबाईची घोळ

मला राग लवकर येतो हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मालन पदरचं घालून सांगते असं नंतर कोणी म्हणायला नको. लग्न होऊन कोलशेतात आले तेव्हा मी वीस वर्षांची होते, मराठी सातवी पास होते, आणि माझ्या सासूबाईंचा, हौसाबाईंचा, मला पहिले सहा महिने नुसता धाक होता. त्या धाकाचं कौतुक कधी झालं ते मात्र मला नेमकं ठाऊक आहे. ते झालं त्रेपन्न सालच्या फाल्गुनात, एका रविवारी दुपारी, आणि त्याला कारण झाली एक पालेभाजी.

कोलशेत तेव्हा निव्वळ खाडीकाठचं गाव होतं. एका अंगाला भातशेती, दुसऱ्या अंगाला मिठागरं. कोणाच्या चुलीवर कुठला मासा शिजतोय ते ओटीवर बसल्या जागी नाकाला कळायचं. माझे सासरे, दगडूमामा, मिठागरावर कामाला होते. घरात मासळी नसेल त्या दिवशी भात, आमटी, भाजी सगळं पुढ्यात वाढलेलं असताना ते शांतपणे विचारायचे, "जेवण कधी वाढतेस?"

असा हा माणूस दिवाळीनंतर एका संध्याकाळी गळ्यात तुळशीची माळ घालून घरी आला. माळ घातली की मासे-मटण बंद, हे सगळ्यांना ठाऊक. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, बोंबील निवडत होत्या. त्यांनी माळेकडे पाहिलं, हातातल्या बोंबलाकडे पाहिलं, आणि सूप उचलून सरळ शेजारी देऊन आल्या.

मामांनी माळ घातली ती वीणेसाठी. आमच्या मारुतीच्या देवळात दर वर्षी हनुमान जयंतीचा सप्ताह बसतो. सात दिवस भजन थांबत नाही आणि वीणा जमिनीला टेकत नाही, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. पण पहिल्या दिवशी पहिली वीणा गळ्यात घालायचा मान एकाचाच. तीस वर्षं तो अण्णांचा होता. अण्णा म्हणजे आमच्या भजनी मंडळाचे म्हातारे पुढारी. आता त्यांचा खांदा दुखत होता, आणि यंदा वीणा दुसऱ्या कोणाला तरी देणार असं त्यांनी सांगून टाकलं होतं. मामा पंचवीस वर्षं टाळ घेऊन त्यांच्या मागे उभे राहिलेले. आवाज असा की म्हशीसुद्धा रवंथ थांबवायच्या. अडचण एकच. वीणेला माळकरी लागतो.

दुसरा उमेदवार होता मामांचा चुलतभाऊ सहदेव, कुंपणापलीकडे राहणारा. त्याच्या गळ्यात सोळा वर्षं माळ होती, आणि ती सोळा वर्षं तो रोज कोणाला ना कोणाला मोजून दाखवायचा. आवाज मात्र कोरड्या रहाटासारखा.

पहिला महिना मामांनी उत्साहात काढला. दुसऱ्या महिन्यात गप्प झाले. तिसऱ्यात अर्ध्या भाकरीवर उठायला लागले, आणि बंडीच्या बाहीतून दंड बारीक दिसायला लागला. मिठागरावरून घरी यायची वाट वाळत घातलेल्या बोंबलांच्या कडेने जायची. मामा ती सोडून बांधाबांधाने लांबचा वळसा घेऊन यायला लागले. शेवटी पौषात एका दुपारी ते चुलीपाशी येऊन बसले आणि म्हणाले, "हौसा, माझ्यानं होत नाय. सप्ताहाच्या आधी माळ काढून अण्णांच्या हातात देतो. गळ्यात माळ आणि मन बोंबलात, हे खोटं हाय."

मला वाटलं आत्या चिडतील. त्या म्हणाल्या, "आठ दिवस थांबा. नंतर मी आडवी येणार नाय."

आत्या आठवड्यातून दोनदा भाजीची पाटी घेऊन ठाण्याला जायच्या. तलावपाळीला मंदाकिनीबाई नावाच्या एक गिऱ्हाईक होत्या. घर एरवी मासे खाणारं, पण श्रावणात कडक. त्यांना आत्यांनी विचारलं, की बाई, श्रावणात तुमच्या घरचे पुरुष महिनाभर गप्प कसे राहतात? मंदाकिनीबाई हसल्या आणि म्हणाल्या, "गप्प कुठले राहतात? सुरणाचे काप तळते मी. सुरमईसारखे." आत्यांनी तिथेच पाटी खाली ठेवून सगळं विचारून घेतलं. घरी आल्या त्या पाटीत एक मोठा सुरण घेऊन.

पुढचे दिवस आमच्या स्वयंपाकघरात जे चाललं ते मी जन्मात विसरणार नाही. सुरण खाजरा, म्हणून आमसूल घालून उकडायचा. मग माशाच्या तुकडीएवढे काप करून त्यांना हळद, तिखट, मीठ, वाटलेला लसूण आणि चिंचेचा कोळ चोळायचा, तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर तेल सोडून कुरकुरीत करायचे. लसूण-कांदा आमच्याकडे एकादशी सोडून चालायचा. कच्ची केळी सोलून, उभी चिरून आत्यांनी चक्क पाट्याखाली दाबून ठेवली. ओल्या बोंबलातलं पाणी काढायला असंच दाबतात. मी म्हटलं, "आत्या, केळ्यात कुठलं पाणी?" त्या म्हणाल्या, "हाताला सवय हाय, दाबू दे." आणि गंमत अशी की दाबलेली केळी मसाला पिऊन खरंच तशी लुसलुशीत झाली. कालवणात शेवग्याच्या शेंगा टाकल्या, का तर चोखायला काहीतरी हवं. ताटाच्या कडेला चोथ्याचा ढीग पडल्याशिवाय या माणसाला जेवल्यासारखं वाटत नाही, असं त्यांचं म्हणणं.

मी विचारलं, मामांना कळणार नाही का? आत्या वाटण वाटता वाटता म्हणाल्या, "कळू दे की. फसवतंय कोण? चव सगळी मसाल्यात असते गं. मासा उगीच मोठेपणा घेतो."

मामा जेवायला बसले. आत्यांनी काप वाढला आणि सांगितलं, हा सुरण, ही केळी, ही शेंग. मामांनी भाकरीत काप धरून घास घेतला. चावत राहिले. दुसरा घेतला. मग खाली बघतच म्हणाले, "एक तुकडी अजून घाल."

तुकडी म्हणाले. अडीच महिन्यांत त्या घरात कोणी काही दुसऱ्यांदा मागितलं नव्हतं. आत्या तव्याकडे वळल्या आणि पदराने डोळे पुसले. धूर झालाय म्हणाल्या. धूरबीर काही नव्हता, चूल छान पेटली होती.

त्या दिवसापासून माळ काढायची गोष्ट निघाली नाही. मामांच्या अंगावर मांस चढलं, संध्याकाळी ओटीवर भजन सुरू झालं. आत्यांनाही चेव आला. आज कशाचं काय करते बघ, असं म्हणूनच त्या उठायच्या. हे असंच चाललं असतं, पण मध्ये आली घोळ.

आमच्याकडे घोळ म्हटलं की मासा. मोठा, दांडगा, चांगल्या कमाईचा. एखाद्याच्या जाळ्यात घोळ आली तर आठ दिवस गावात तीच गोष्ट. पण घोळ नावाची एक पालेभाजीही असते. जाडसर इवली पानं, लाल देठ, आंबटसर चव, ओलीला आपोआप उगवते. फाल्गुनात आत्यांच्या भाजीच्या वाफ्यात ती माजली होती. आत्यांनी टोपलीभर खुडली, माशाच्या कालवणाचंच वाटण लावलं, लसणाची फोडणी दिली, आणि पातेलं उतरवून विहिरीवर गेल्या. मीही घागर घेऊन मागे होते.

विहिरीवर सहदेवची बायको रंगूबाई होती. तिने हवेत नाक वर करून विचारलं, "काय गं हौसा, वास लय भारी सुटलाय. काय केलंस आज?"

"घोळ," आत्या म्हणाल्या, आणि घागर उचलून चालू लागल्या.

झालं. आत्यांच्या डोक्यात वाफा, रंगूबाईच्या डोक्यात खाडी. त्यातून आदल्या दिवशी शेंगांचा चोथा मी परसात टाकला होता, तो रंगूबाईच्या कोंबड्यांनी उकरून कुंपणापलीकडे नेला. वाळलेला चोथा लांबून अगदी काट्यांच्या ढिगासारखा दिसतो. वास होता, काटे होते, आणि खुद्द घरधनिणीची कबुली होती. रंगूबाईने नवऱ्याला सांगितलं, आणि सहदेवने शनिवारी भजनाला सगळे जमले असताना भर देवळात सांगितलं, की दगडू गळ्यात माळ ठेवून घोळ खातो.

मामा दिवेलागणीला घरी आले ते भजन सोडूनच. ओटीच्या कडेला बसले, माळेवर हात ठेवून. "मी कायच बोललो नाय," ते म्हणाले. "सगळे माझ्याकडं बघत होते. अण्णापण." पंचवीस वर्षं ज्या माणसाच्या मागे उभे राहिले त्याने संशयाने बघावं, हे त्यांना लागलं होतं. मला इतका संताप आला की मी विळी घेऊन कुंपणाकडे निघाले होते. खरंच निघाले होते. आत्यांनी दंड धरला. "विळी ठेव. उद्या सुरण चिरायला लागेल," असं म्हणाल्या आणि मला घेऊन सरळ अण्णांच्या घरी गेल्या.

अण्णा झोपाळ्यावर बसले होते. आत्या उंबऱ्याबाहेरूनच म्हणाल्या, "अण्णा, माझ्या घरात काय शिजतं ते उद्या तुम्ही बघायचं. चूल पेटल्यापासून ताट वाढेपर्यंत चुलीसमोर बसा. रंगूबाईपण बसेल. मंडळातली माणसं जेवायला बोलवा. मासा निघाला तर मी स्वतः यांची माळ उतरवून तुमच्या पायाशी ठेवीन."

"आणि नाही निघाला तर?" अण्णांनी विचारलं.

"तर वीणा कोणाच्या गळ्यात घालायची ते तुम्हाला सांगायची माझी पायरी नाय," आत्या म्हणाल्या. सांगायचं ते मात्र सांगून झालं होतं.

रविवारी सकाळी अण्णा खरंच येऊन पाटावर बसले. रंगूबाई आली, तोंड वाकडं करून दाराशी टेकली. आत्यांनी तिला मोकळं बसू दिलं नाही. "बघायचंय ना? मग हात लाव," म्हणून अख्खा सुरण आणि विळी तिच्यापुढे सरकवली. सुरण खाजू नये म्हणून आधी तेलाचा हात लावतात, तो मी मुद्दामच लावायला दिला नाही. माझा स्वभाव असा आहे, लपवून काय करू? दहा मिनिटांत रंगूबाई कोपरापर्यंत खाजवायला लागली. अण्णा मिश्कीलपणे म्हणाले, "मासा हाताला खाजतो का गं?" पण बाई खोटी नव्हती. तिच्या तोंडावरचा वाकडेपणा तिथून उतरायला लागला. घोळीची टोपली बघितल्यावर तर तिने कपाळाला हात लावला, आणि तिथेही खाज सुटली.

दुपारी पंगत बसली. अण्णा, मंडळातले तिघे, मामा, आणि शेवटी सहदेव. तो मुद्दाम उशिरा आला होता आणि हात मागे बांधून उभा होता. रंगूबाई त्याला आतून खुणा करत होती, हात वर करून खाजवून दाखवत होती. त्याला काही उमगलं नाही. तव्यावरचे काप ताटात आले, घोळीचं लालभडक कालवण भातावर पडलं, आणि सहदेवच्या नाकपुड्या फुलल्या.

"मी घास घेऊन सांगतो," तो म्हणाला. "मना चव बरोबर कळते."

हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, बरं का. स्वतःच बोलला, स्वतःच पाटावर बसला.

एक काप खाल्ला. डोळे मिटले. "नीट कळत नाय," म्हणाला आणि दुसरा मागितला. मग केळ्याचा बोंबील. मग कालवण-भात, बोटांनी चाचपून, काटा शोधत. मग परत काप. आत्या वाढत होत्या. मामा ताटाला हात न लावता बसले होते. उरलेले तिघेही सहदेवच्या तोंडाकडे बघत होते, आणि तो म्हणेल तेच गाव म्हणणार होतं.

सहदेवने बोटं चाटली आणि पाठ ताठ केली. "अण्णा, मासाच हाय. ही सुरमई, हा बोंबील, आणि कालवणात घोळ. सोळा वर्षं माळ हाय गळ्यात, खोटं बोलणार नाय."

"नक्की?" अण्णा म्हणाले.

"माळेची शपथ."

अण्णांनी आपल्या हातातला घास शांतपणे ताटात ठेवला. "मग सहदेव, मासा आहे हे तुला पहिल्या घासालाच कळलं असेल ना?"

"कळलं ना. लगेच कळलं."

"मग पुढचे घास तुझ्या तोंडात काय करत होते?"

सहदेवने ताटाकडे पाहिलं. ताट लख्ख पुसलेलं होतं, कडेला शेंगांचा चोथा नीट रचलेला. मासा म्हणावं तर माळकऱ्याने चार माणसांत मागून मागून मासा खाल्ला होता. नाही म्हणावं तर भर देवळातलं बोलणं खोटं होत होतं.

दारातून रंगूबाईच बोलली. "सुरण हाय तो. मी चिरलाय माझ्या हातानं. हे बघा हात. आणि घोळ म्हंजे भाजी, टोपलीभर मीच निवडली. माझीच ऐकायची चूक झाली."

"सुरण," सहदेव अगदी बारीक आवाजात म्हणाला. "सुरणच हाय."

"आणि कालवणात?"

"भाजी."

मंडळातल्या तिघांमधला एक खो-खो हसत सुटला आणि मग सगळेच. मामासुद्धा. पण सहदेव अजून पुरता संपला नव्हता. लाल झालेल्या चेहऱ्याने म्हणाला, "ठीक हाय, मासा नाय. पण दगडूच्या मनात तर मासाच असतो ना खाताना? मनातनं खाल्लं तरी ते खाल्लंच."

मामांचं हसू मावळलं, कारण त्यांना आतून नेमकं हेच टोचत होतं. उत्तर अण्णा देणार होते, पण आत्या वाढायची पळी हातात घेऊन पुढे झाल्या. "भावजी, मनाची झडती घ्यायची म्हणता? घ्या. तुमच्यापासून सुरू करा. बोटांनी काटा कोण शोधत होतं ते आम्ही सगळ्यांनी बघितलंय. मनाची झडती घेऊन वीणा द्यायची म्हटली, तर ती खुंटीलाच राहील. यांचं मन मागत होतं, तरी यांनी तोंडात घातलं नाय. माळ म्हंजे तेवढंच असतं, असं मना वाटतं. चुकत असेल तर अण्णा सांगतील."

अण्णांनी ताट पुढे सरकवलं. "हौसाबाई, काप वाढा. आणि दगडू, तू जेव आता. पहिली वीणा घेऊन उभं राहायचंय तुला."

मामांनी मान खाली घालून घास उचलला. त्यांचे खांदे हलत होते. मी उठून आत गेले आणि भिंतीला टेकून मनसोक्त रडले. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

चैत्रात सप्ताह बसला. पहाटे देवळात अण्णांनी खुंटीवरची वीणा काढून मामांच्या गळ्यात घातली, आणि मामांनी पहिला सूर लावला तो मिठागरापर्यंत ऐकू गेला असं लोक अजून सांगतात. आत्या बायकांत पुढे बसल्या होत्या, हात जोडून. मी त्यांच्याकडे बघत होते. देवाकडे बघायला बाकी सगळे होतेच.

सप्ताह उठल्यावर दुसऱ्या दिवशी रंगूबाई आमच्या परसदारी आली. हातात रिकामी टोपली, चेहरा ओशाळा. "हौसा, मना शिकव ना ते सगळं. आमचे माळकरी दर गुरुवारी ठाण्याला बाजाराला जातात आणि घरी येऊन जेवत नाहीत. सोळा वर्षं मी समजत होते गुरुवारचा उपास हाय म्हणून."

आत्या पोट धरून हसल्या. मग आत जाऊन त्यांनी टोपलीत सुरण घातला, कच्ची केळी घातली, शेंगांची जुडी घातली, आणि या खेपेला तेलाचा हात लावायचंही आठवणीने सांगितलं. रंगूबाईने वाफ्याकडे बोट केलं. "आणि ती घोळ?"

"ती नाय," आत्या म्हणाल्या. "तू घातलास तेवढा घोळ पुरे."